काळ्या लाव्हाभोवती सायकलने प्रदक्षिणा

गेल्या अंकात लान्सारोते बेटावरील सायकलप्रवासाविषयी मी लिहिले होते. अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेले हे बेट स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहात मोडते. त्याचा जवळपास पाव भाग अठराव्या शतकातल्या उद्रेकांत लाव्हा आणि राखेखाली गेला. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी ५६ वर्षांचा असून नाशिकला राहतो. दर रविवारी मित्रांबरोबर सायकलने त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो, म्हणजे साठेक किलोमीटर होतात. श्रावणात ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा पायी करतो. मुलगा डब्लिनला नोकरी करतो. येत्या जानेवारीत त्याच्याकडे जाणार असून, तेथून दोघांनी आठवडाभर लान्सारोतेला जावे असा विचार आहे. तिमानफायाच्या ज्वालामुखी प्रदेशातून जाणारी एका दिवसाची फेरी मला जमेल का? ती कोठून आणि कोणत्या दिशेने करावी? काळजी कोणती घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला ही फेरी निश्चित जमेल. जो माणूस दर रविवारी साठ किलोमीटर सायकल चालवतो, त्याला येथील अंतराची भीती बाळगण्याचे कारण नाही. कसारा घाटासारखा सलग दमवणारा चढही या वाटेवर नाही. येथे दम काढतो तो वारा, म्हणून फेरी आखताना आधी वाऱ्याचा विचार करावा आणि मग चढाचा.

फेरीची सुरुवात बेटाच्या दक्षिण भागातील याइसा या गावातून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढऱ्या भिंतींची, ठेंगणी घरे असलेले हे गाव लाव्हाच्या अगदी काठावर वाचले आहे. येथून उत्तरेकडे एलझेड-६७ हा रस्ता तिमानफायाच्या राष्ट्रीय उद्यानातून मांचा ब्लांका या गावाला जातो. तेथून एलझेड-५६ या छोट्या रस्त्याने आग्नेयेकडे वळून एलझेड-३० ला लागावे, ला हेरियाच्या द्राक्षबागांमधून नैर्ऋत्येकडे उतरत उगा गाठावे आणि पुन्हा याइसाला यावे. हे सारे मिळून ३५ ते ४० किलोमीटर भरते. पायांत जोर उरला असेल, तर याइसाहून समुद्राकडे उतरून एल गोल्फो, लोस एर्विदेरोस आणि हानुबिओची मिठागरे पाहून परत यावे, म्हणजे आणखी वीसेक किलोमीटरची भर पडून आपला त्र्यंबकचा हिशेब पुरा होईल.

दिशा मी सांगितली तीच ठेवावी. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. या बेटावर बहुतेक दिवस ईशान्येचा व्यापारी वारा वाहतो. उन्हाळ्यात तो फार जोराचा असतो, तर जानेवारीत तुलनेने सौम्य. तरीही दुपारकडे तो वाढेल असे धरूनच चालावे. या दिशेने गेल्यास सकाळी, अंगात ताकद असताना, समोरचा वारा अंगावर घेऊन तिमानफाया ओलांडता येते आणि परतीच्या वाटेवर ला हेरियात तोच वारा पाठीशी राहतो. उलट फेरी केलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना शेवटच्या टप्प्यात द्राक्षबागांकडे मान वर करून पाहण्याचेही त्राण राहिलेले नव्हते, आणि या वाटेवर येऊन ला हेरिया न पाहता जाणे हे मोठेच नुकसान आहे.

जानेवारीत तेथे पावणेआठनंतर उजाडते. आपण साडेआठच्या आत याइसा सोडावे. याचे कारण ऊन नव्हे, कारण त्या महिन्यात दुपारचे तापमान विशीच्या आसपास असते. कारण गर्दीचे आहे. एलझेड-६७ वरून उद्यानातील मुख्य स्थळाकडे, म्हणजे इस्लोते दे इलारिओ या टेकडीकडे, एक फाटा फुटतो आणि दहानंतर त्या फाट्यावर मोटारींची रांग लागू लागते. रस्ता अरुंद आहे. दोन्ही अंगांना लाव्हाचे धारदार ढीग डांबराला येऊन भिडलेले आहेत, त्यामुळे बाजूला उतरून वाट द्यायला जागा नाही. सकाळी लवकर गेल्यास हाच रस्ता जवळजवळ आपला एकट्याचा असतो. नशिबाने साथ दिली तर उगा गावाहून निघालेला उंटांचा तांडा दिसेल. पर्यटकांना पाठीवर बसवून डोंगरावर फिरवण्यासाठी हे एका वशिंडाचे उंट रोज सकाळी उद्यानाकडे चालत नेतात.

उद्यानाच्या आतील ज्वालामुखींचा वळणावळणाचा रस्ता केवळ उद्यानाच्या बसमधूनच पाहता येतो, सायकलला तेथे प्रवेश नाही. त्यासाठी वेगळा दिवस राखावा. इस्लोते दे इलारिओवर कर्मचारी जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततात आणि क्षणात वाफेचा फवारा कानठळ्या बसवत वर उसळतो. खड्ड्यात टाकलेली वाळकी काटेरी झुडपे काडी न लावता पेट घेतात. जमिनीखाली काही मीटरवर अजूनही कित्येकशे अंशांची उष्णता आहे, हे ऐकणे वेगळे आणि चेहऱ्यावर झळ घेऊन अनुभवणे वेगळे.

मांचा ब्लांका येथे अवश्य थांबावे. १ सप्टेंबर १७३० रोजी रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान तिमानफाया गावाजवळ जमीन फाटली, अशी नोंद याइसाचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी करून ठेवली आहे. उद्रेक थांबले ते १६ एप्रिल १७३६ रोजी. या साडेपाच वर्षांत तिमानफायासह अनेक गावे आणि बेटावरील उत्तम धान्याची जमीन गाडली गेली, अनेक कुटुंबे बेट सोडून निघून गेली. मांचा ब्लांकाच्या लोकांनी मात्र देवी दोलोरेसची, म्हणजे दुःखी मेरीमातेची, मूर्ती घेऊन लाव्हाला सामोरी मिरवणूक काढली आणि लाव्हा वेशीपाशी थांबला, अशी तेथील श्रद्धा आहे. दर वर्षी १५ सप्टेंबरच्या सुमारास सारे बेट तेथे पायी लोटते. ग्रामदेवतेने संकट वेशीवर अडवल्याच्या कथा ज्या मुलखात गावोगावी सांगतात, तेथून येणाऱ्या माणसाला त्या साध्या पांढऱ्या देवळापुढे परके वाटत नाही.

पुढे एलझेड-५६ वर काल्देरा दे लोस कुएर्वोस हा ज्वालामुखी लागतो. १७३० साली सर्वप्रथम उघडला तो हाच. सायकल वाहनतळावर कुलूप लावून ठेवावी आणि पायवाटेने आत जाऊन यावे. एका बाजूची कड फुटलेल्या प्रचंड कढईत आपण उभे आहोत, असे तेथे वाटते. बाहेर घोंघावणारा वारा आत आल्यावर एकाएकी पडतो, आणि आपल्याच बुटाखाली खडीचा करकर आवाज तेवढा ऐकू येतो.

आता सायकलीविषयी. वळलेल्या हँडलची रस्त्यावरची सायकल किंवा आडव्या हँडलची साधी गिअरची सायकल, दोन्ही चालतील. या वयात मी दुसरी निवडेन, कारण बाजूने येणाऱ्या वाऱ्याच्या झोताला ती अधिक स्थिर राहते. पुएर्तो देल कारमेन, प्लाया ब्लांका आणि कोस्ता तेगिसे या तिन्ही ठिकाणी सायकली भाड्याने मिळतात. आपल्या घरच्या सायकलीच्या सीटची पॅडलपासूनची उंची मोजून लिहून न्यावी. ताब्यात घेण्याआधी दोन्ही टायर फिरवून नीट पाहावेत. मी हे केले नाही. माझ्या सायकलीच्या मागच्या टायरची नक्षी मधोमध पार झिजून गेली होती आणि याइसा सोडून अर्धा तास होतो न होतो तोच लाव्हाचा काचेसारखा कण आरपार गेला. ट्यूब बदलायला मी रस्त्याच्या कडेला बसलो, तेव्हा प्रथमच तो दगड हातभर अंतरावरून पाहिला. लांबून एकजात काळा दिसणारा तो ढीग जवळून काळा नव्हताच. त्यावर राखट पांढऱ्या रंगाचे बारीक झुबके उगवले होते, बोटाला खरखरीत लागणारे. आपण गोडा मसाल्यात जे दगडफूल घालतो, त्याच्याच कुळातली ती वाढ. पावणेतीनशेहून अधिक वर्षांत त्या खडकावर जगायला आलेले हे पहिले रहिवासी. म्हणून फोटोसाठी लाव्हावर चढू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे; एका पावलाखाली कित्येक दशकांची वाढ चिरडते.

नियमांचे सांगायचे तर वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, आणि चौकात वळताना आपली सवय आपल्याला डावीकडे ओढते हे पहिले दोन दिवस मनात घोकत राहावे. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे. मोटारचालकाने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे असा स्पेनचा कायदा आहे आणि तेथील चालक तो पाळतात, हे मी समाधानाने नमूद करतो. दोन बाटल्या पाणी, दोन ट्यूब, पंप आणि वाऱ्याला अडवणारे पातळ जाकीट सोबत ठेवावे. याइसा ते मांचा ब्लांका या टप्प्यात वाटेवर गाव नाही आणि सावलीही नाही. हानुबिओहून याइसाकडे परतताना थोडे अंतर वेगवान वाहतुकीच्या मुख्य रस्त्याने जावे लागते, तेथे कडेच्या पट्टीतूनच चालवावे. अडचण आल्यास ११२ हा क्रमांक लावावा. आकाश पिवळट, धुळकट झाले आणि पूर्वेकडून गरम वारा सुटला, तर तो सहाराचा धुराळा समजावा. त्याला तेथे कालिमा म्हणतात. त्या दिवशी फेरी पुढे ढकलावी, मुलाने कितीही आग्रह केला तरी.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ला हेरियात वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी खड्ड्यांतून वेल लावतात, असे आपण लिहिले होते. ठिबक नाही, मांडव नाही, मग वेल जगते कशी? आम्ही चौघे शेतकरी सायकलने ती बाग पाहायला गेलो तर कोणत्या महिन्यात जावे?
— एक द्राक्षबागायतदार, दिंडोरी

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण ला हेरिया खऱ्या अर्थाने पाहील तो शेतकरीच.

१७३० च्या उद्रेकांनी तेथील सुपीक जमिनीवर काळ्या, बारीक, सच्छिद्र खडीचा थर पसरला. तिला तेथे पिकोन म्हणतात. हातात घेतली तर ती भाजलेल्या विटेच्या चुऱ्यासारखी हलकी लागते. जेथे थर खूप जाड होता तेथे शेती कायमची संपली असे लोक समजले होते. पुढे ध्यानात आले की, थर बेताचा असेल तेथे खालची माती ओलसर राहते. मग त्यांनी खडीत खड्डे खणायला सुरुवात केली. वरून रुंद, खाली निमुळता, नरसाळ्यासारखा खड्डा जुन्या मातीला लागेपर्यंत खणायचा. काही ठिकाणी तो पुरुषभर खोल जातो. तळाशी मातीत बहुधा एकच वेल लावायची, तिच्यावर पुन्हा पिकोनचा हलका थर द्यायचा आणि वारा येतो त्या बाजूला खड्ड्याच्या काठावर सुट्या दगडांची अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत रचायची. त्या भिंतीला सोको म्हणतात. भिंत रचताना ना माती वापरतात ना चुना.

आपण उसाच्या पाचटाचे आच्छादन करतो त्याच कामाला पिकोन येते, फक्त ते कुजत नाही. वारा रात्री समुद्रावरून दमट हवा आणतो, तिच्यातला ओलावा खडी धरते, पडला तेवढा पाऊस झटकन खाली मुरू देते आणि दिवसा ऊन मातीपर्यंत पोहोचू देत नाही. वेल जमिनीलगत पसरते, कारण वर उठली तर वारा तिची पाने फाडून टाकील. लागवडीचे मुख्य वाण मालवासिया हे पांढरे द्राक्ष असून त्याची वाइन करतात. आपण डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतो, तसे तेथे करावे लागलेले नाही. युरोपातील बागा उद्ध्वस्त करणाऱ्या फायलोक्सेरा किडीने या बेटावरील बागांचा घास घेतला नाही, म्हणून वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. या साऱ्याची किंमत मात्र मोजावी लागते. एकरी वेलींची संख्या आपल्या बागांच्या मानाने अगदीच थोडी, उत्पादन त्याहून थोडे आणि खड्ड्यांत उतरून करायचे काम सगळे हाताने. ट्रॅक्टर तेथे चालूच शकत नाही. आपल्या हिशेबाने ही शेती परवडणारी नाही, हे आपण पाच मिनिटांत ओळखाल. ती टिकली आहे ती वाइनला मिळणाऱ्या नावामुळे आणि हा मुलूख असाच राहावा असे ठरवणाऱ्या लोकांमुळे.

महिन्याचे म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारीत छाटणीचा हंगाम असतो. वेली उघड्या असतात, खड्ड्यांची आणि भिंतींची रचना स्वच्छ दिसते आणि छाटणी करणाऱ्या माणसाशी खुणांच्या भाषेत चार गोष्टी होऊ शकतात. मे-जूनमध्ये काळ्या खड्ड्यांत हिरव्या वेली भरतात, पाहणाऱ्याला ते दृश्य अधिक भावते. काढणी जुलै-ऑगस्टमध्ये, युरोपात सर्वांत आधी होणाऱ्या काढण्यांपैकी एक, पण तेव्हा वारा सायकलस्वाराला फार छळतो. आपण शेतकरी म्हणून जात असाल तर फेब्रुवारी धरा; आपल्याकडे तेव्हा काढणीची धांदल असेल तर जूनला पर्याय नाही. एलझेड-३० च्या कडेला वाइनची चव देणारी अनेक ठिकाणे आहेत. एल ग्रिफो हे १७७५ पासूनचे जुने घराणे असून त्याचे संग्रहालयही पाहण्यासारखे आहे. मद्यपानाची मर्यादा स्पेनमध्ये सायकलस्वारालाही लागू आहे, म्हणून चव घ्यायची ती फेरी संपल्यावर घ्यावी. रस्त्यावरून खड्ड्यांकडे पाहावे, बागेत परवानगीशिवाय उतरू नये. पायाने खडी घसरली की वेलीवर जाऊन पडते.

प्रश्न : मी कोल्हापूरला भूगोल विषय घेऊन शिकते. सह्याद्रीही लाव्हापासूनच बनला, असे आम्हाला शिकवले आहे. मग लान्सारोते ओसाड आणि आपला घाट हिरवागार, असे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दोन्हीकडचा खडक बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आणि दोन्हीकडे लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून वर आला. तिमानफायाचे ज्वालामुखी नकाशावर पाहिलेस तर ते एका रेषेत ओवल्यासारखे दिसतात, ती रेषा म्हणजे खालची भेग. फरक आहे तो आकारमानाचा, वयाचा आणि पावसाचा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, थरावर थर असा वाहिला आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लान्सारोतेचे अख्खे बेट ८४६ चौरस किलोमीटरचे. तिमानफायाच्या खडकाला तीनशे वर्षेही झालेली नाहीत, १८२४ मध्ये झालेल्या छोट्या उद्रेकाच्या खडकाला तर दोनशेच. तुझ्या गगनबावड्याला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेवढा पाऊस पडायला लान्सारोतेला तीसहून अधिक वर्षे लागतात. पाणी आणि काळ मिळाला की बेसाल्टची काळी कसदार जमीन होते, अतिवृष्टीत पन्हाळ्याच्या माथ्यावर आहे तसा जांभा होतो. लान्सारोतेला दोन्हींपैकी काहीच पुरेसे मिळालेले नाही.

एक गोष्ट तू स्वतः पाहू शकतेस. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीपाशी थांब आणि खडकातली भोके शोध. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून ती पडली. आपल्या खडकात ती बहुधा पांढऱ्या स्फटिकांनी किंवा गारगोटीने भरलेली दिसतील, कारण कोट्यवधी वर्षे पाणी त्यांतून झिरपत राहिले आणि खनिजे मागे ठेवत गेले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तू पाहशील ते सुंदर झिओलाइट अशाच पोकळ्यांत वाढलेले आहेत. तिमानफायाच्या दगडातील भोके रिकामी आहेत. बोट घातले तर आतली कड अजून बोचते. आपल्या घाटांत दोन काळ्या थरांमध्ये मधूनच विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात वरचा थर झिजून, भाजून झालेला असतो. तिमानफायात सायकल चालवताना मला सारखे वाटत होते की, दख्खनच्या एका थराचा पृष्ठभाग, त्याच्यावर दुसरा थर येण्याआधी, असाच दिसत असणार. भूगोलाच्या विद्यार्थ्याने हा रस्ता मोटारीतून पाहू नये, सायकलने किंवा पायीच पाहावा, असे मला मनापासून वाटते. मोटारीतून तो बघता बघता संपतो.

तेथून नमुना म्हणून एकही दगड आणू नकोस. खडक, खडी आणि हिरवे ऑलिव्हिन स्फटिक उचलून नेण्यास बंदी आहे. वही घेऊन जा आणि चित्र काढ.

प्रश्न : आम्हा उभयतांना आयर्लंडचा व्हिसा मिळाला आहे. तेवढ्यावर लान्सारोतेला जाता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येणार नाही. युरोपातील ज्या देशांत मिळून एकच व्हिसा चालतो, त्या शेंगेन क्षेत्रात आयर्लंड नाही. कॅनरी बेटे स्पेनचा भाग म्हणून त्या क्षेत्रात आहेत. भारतीय पासपोर्टवर आपल्याला स्पेनचा शेंगेन व्हिसा स्वतंत्रपणे घ्यावा लागेल, आणि तो भारतातून निघण्याआधीच घ्यावा, कारण अर्ज साधारणतः आपल्या वास्तव्याच्या देशातूनच करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो, आणि सायकलवरील अपघात त्या विम्यात धरला आहे का ते कागद वाचून खात्री करावी. दुसरी बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. लान्सारोतेहून पुन्हा डब्लिनला यायचे असेल तर आपला आयर्लंडचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असला पाहिजे. आजच पासपोर्ट उघडून तो शब्द पाहून घ्यावा. नाशिकच्या वाचकांच्या चिरंजीवांनाही हे लागू आहे: ते डब्लिनला नोकरीला असले आणि पासपोर्ट भारतीय असला, तर त्यांनाही शेंगेन व्हिसा काढावाच लागेल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि सोबत दहा वर्षांची मुलगी असेल. तिला सायकलची आवड आहे, पण डोंगराळ फेरी तिला झेपणार नाही. तिच्यासाठी काही मार्ग आहे का, आणि खाण्याचे काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खाण्याची काळजी नको. सालीसकट, भरपूर मीठ घालून पाणी आटेपर्यंत उकडलेले छोटे बटाटे, ज्यांना पापास आरुगादास म्हणतात, ते सर्वत्र मिळतात. त्यांच्याबरोबर मोहो नावाची चटणी देतात. लाल चटणीत मिरची आणि लसूण असते, हिरवीत कोथिंबीर. सांगलीकराला त्यातली लाल जरा सौम्य वाटेल, हिरवी मात्र घरची वाटेल. तेथील बकरीच्या दुधाचे चीजही चांगले असते. सूप मागवताना मात्र ते मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का, हे विचारूनच घ्यावे. माझी खास शिफारस आहे ती गोफिओची. मका किंवा गहू भाजून दळलेले हे पीठ कॅनरीच्या लोकांचे फार जुने अन्न आहे, आणि आपल्या सातूच्या पिठाचे सख्खे भावंड शोभेल असे आहे. दुकानातून एक पुडा घ्यावा. मी सकाळी दुधात मध घालून ते खात असे आणि दुपारच्या एक वाजेपर्यंत भुकेची आठवण होत नसे.

मुलीसाठी समुद्रकाठचा मार्ग उत्तम आहे. पुएर्तो देल कारमेनहून प्लाया ओंदामार्गे आरेसिफेकडे पाण्याच्या कडेकडेने जाणारी वाट आहे. ती जवळजवळ सपाट असून तिचा बराच भाग मोटारींपासून वेगळा आहे. पायी चालणारेही असतात, म्हणून वेग बेताचा ठेवावा, आणि सोळा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सर्वत्र सक्तीचे आहे हे लक्षात घ्यावे. जाताना बहुधा वारा समोरून लागेल, तेव्हा अर्ध्यातून परत फिरलात तरी हरकत नाही. येताना वारा मुलीला ढकलत आणील. मध्ये ही वाट विमानतळाच्या धावपट्टीला अगदी लागून जाते. तेथे कठड्यापाशी दहा मिनिटे थांबावे. उतरणारी विमाने इतकी खाली येतात की चाके मोजता येतात, आणि पलीकडे, पांढऱ्या घरांच्या वर, काळ्या-तांबड्या डोंगरांची ओळ दिसत असते. आम्ही थांबलो होतो तेव्हा माझ्या पुतणीने पहिले विमान गेल्यावर सायकल स्टँडवर लावली, कठड्यावर बसली आणि पुढची चार विमाने येईपर्यंत जागची हलली नाही.